मूल कोणाच्या स्वाधीन करावे?

मार्च ते मे या काळात सत्तरी, डिचोली, पेडणे या तालुक्यांतील अनेक स्त्रिया काजूच्या बागायतीत राबत असतात. पाऊस सुरू झाला की त्याच स्त्रिया भाताच्या लावणीला उभ्या राहतात. शहरात कार्यालयात किंवा कारखान्यात जाणाऱ्या मातेची अडचण तर बारमाही असते. पूर्वी घरातील सासू, जाऊ किंवा आत्या मुलाकडे पाहत असे. आता कुटुंबे लहान झाली आहेत आणि घरातील वडील माणसेही पुष्कळदा कामावर असतात. त्यामुळे तान्हे मूल परक्या हाती सोपविण्याची वेळ येते आणि हा निर्णय बहुधा कामावर जाण्याच्या आदल्या रात्री, घाईत घेतला जातो. बैल विकत घेताना आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. मूल सांभाळणाऱ्या व्यक्तीची निदान तेवढी तरी पारख व्हावयास हवी.

ओळख आणि विश्वास

‘बाई ओळखीची आहे’ एवढ्यावर पालक निश्चिंत होतात. परंतु ओळख म्हणजे विश्वास नव्हे. मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा त्या मुलाच्या ओळखीचीच असते, असे अनुभवास आले आहे. म्हणून विश्वास हा गृहीत धरावयाचा नसून पाहून, विचारून व काही दिवस अनुभव घेऊन ठरवावयाचा असतो.

मूल शांत राहिले म्हणजे ते नीट सांभाळले गेले, हाही असाच एक भ्रम आहे. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या अनेक स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन निजवीत असत. ‘बाळगोळी’ या गोड नावाने ती ओळखली जाई. मूल रडत नसे, पण ते दूधही पीत नसे आणि दिवसेंदिवस क्षीण होई. आज गोळीची जागा सर्दी-खोकल्याच्या गुंगी आणणाऱ्या औषधाने घेतली जाऊ शकते. रोज सायंकाळी मूल सुस्त आढळले, हाक मारूनही लवकर जागे होत नसले, तर त्याचे कौतुक न करता ताबडतोब आरोग्य केंद्रात दाखवावे.

मुलाला मुलाच्या हाती देऊ नये

दहा-बारा वर्षांच्या मुलीवर धाकट्या भावंडाचा भार टाकून तिची शाळा बुडविली जाते. यात दोन मुलांचे नुकसान होते. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. घरकामासाठी बालकांना नोकरीस ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, मूल विहिरीकडे धावले अथवा त्याच्या घशात चिंचोका अडकला तर काय करावे हे त्या अजाण मुलीला कसे सुचावे?

निवड कशी करावी

प्रथम चौकशी करावी. त्या बाईने पूर्वी ज्यांची मुले सांभाळली त्या कुटुंबांना प्रत्यक्ष भेटावे. काम का सुटले, हे दोन्ही बाजूंकडून ऐकावे. अंगणवाडी सेविका व उपकेंद्रातील परिचारिका यांचेही मत घ्यावे.

दुसरे, तिच्याशी बोलताना ‘काळजी घ्याल ना?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर सर्वच ‘हो’ असे देतात. ‘मूल तासभर रडत राहिले तर काय कराल? ताप आला तर? जेवले नाही तर?’ असे विचारावे. ‘एक चापट दिली की गप्प बसते’ असे उत्तर आल्यास तेथेच थांबावे. ‘आधी तुम्हाला कळवीन’ असे म्हणणारी बाई अधिक भरवशाची समजावी.

तिसरे, मूल तिच्या घरी राहणार असेल तर ते घर पाहावे. विहिरीला कठडा आहे काय? न्हाणीघरात पाण्याने भरलेली बादली उघडी असते काय? अशा बादलीतही लहान मूल बुडू शकते. चूल, रॉकेल व कीटकनाशके मुलाच्या हाताबाहेर आहेत काय? काजूच्या बियांचा साठा कोठे आहे? त्यांच्या सालीतील तेल कातडी भाजते. घरात आणखी कोण राहते व दिवसभर कोणाची ये-जा असते, हेही समजून घ्यावे.

चौथे, काम सुरू होण्यापूर्वी तीन-चार दिवस आईने सोबत बसावे. नंतर मुलाला एक तास, मग अर्धा दिवस ठेवावे. पुढेही अधूनमधून न कळविता जावे. जी बाई आईच्या अशा येण्याला हरकत घेते, तिच्याकडे मूल ठेवू नये.

एका कागदावर मुलाच्या खाण्याच्या वेळा, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचे प्रमाण, पालकांचा दूरध्वनी आणि १०८ (रुग्णवाहिका), १०९८ (बालकांसाठी साहाय्य) व ११२ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावेत. वाचता येत नसल्यास ते तोंडपाठ करवून घ्यावेत.

मुलाचे ऐकावे

या व्यवस्थेचा खरा साक्षीदार मूलच असते. आरंभी ते रडते, हे स्वाभाविक आहे. परंतु रुळलेले मूल एकाएकी त्या घरी जाण्यास घाबरू लागले, झोपेत दचकू लागले, पुन्हा अंथरूण ओले करू लागले किंवा अंगावर वळ दिसले, तर ‘हट्ट करतो’ म्हणून त्याला दटावू नये. शांतपणे विचारावे व त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळविणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे. गोव्यात २००३ च्या बालक कायद्यान्वये अशा खटल्यांसाठी स्वतंत्र बालन्यायालयही आहे. घराण्याच्या अब्रूसाठी मौन धरणे म्हणजे अपराध्याला दुसरे मूल मिळवून देणे होय.

बाईचा मान, समाजाचे कर्तव्य

विश्वास दोन्ही बाजूंनी असावा लागतो. ठरलेला मोबदला वेळेवर द्यावा, परतण्याची वेळ पाळावी आणि त्याच मोबदल्यात भांडी व धुणे तिच्या माथी मारू नये. चार घरच्या कामांनी थकलेली बाई मुलावर लक्ष ठेवू शकत नाही.

एकेका कुटुंबाच्या दक्षतेने मात्र हा प्रश्न पुरता सुटणार नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी गावोगावी पोहोचविली. पण तेथे मूल काही तासच असते आणि मातेचा कामाचा दिवस त्याहून मोठा असतो. २०२२ पासून केंद्र शासनाच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालविण्याची तरतूद झाली आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन २०१७ च्या कायदा-दुरुस्तीने घातले. तीच तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आली. ग्रामपंचायतींनी आपल्या गावात हंगामी पाळणाघराची गरज किती आहे याची नोंद करून संबंधित खात्याकडे मागणी करावी. शिक्षकांनी हंगामात गैरहजर राहणाऱ्या मुलींच्या घरी जाऊन धाकट्या भावंडाची सोय काय आहे, हे विचारावे.

लावणीचा मुहूर्त ठरविताना बियाणे, बैल व मजूर यांची सिद्धता आपण महिनाभर आधी करतो. मुलाच्या सोयीचा विचारही त्याच बैठकीत, त्याच गांभीर्याने व्हावा.