काड्यांचा त्रिकोण का डगमगत नाही?

सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा व तिचे दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. आगकाड्यांचे गुल पाण्यात भिजवून खरवडा आणि काड्या वाळवा. तुकड्याच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी खुपसली की सांधा झाला. ही युक्ती अरविंद गुप्ता या अभियंत्याची. १९७८ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना त्यांना ती सुचली.

आता चार काड्यांचा चौरस करा व एका कोपऱ्याने दाबा. तो कलंडून समभुज चौकोन होतो. बाजू त्याच राहिल्या, बदलले ते कोन. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबा, आकार सोडत नाही. भूमितीतली 'बाबाबा' कसोटी आठवा: तीन बाजू ठरल्या की तिन्ही कोन ठरलेच! पाठ केलेली कसोटी अशी बोटांना कळते.

चौरसाला ताठ करायचे आहे? समोरासमोरचे दोन सांधे बाभळीच्या काट्याने टोचा व त्यांतून खराट्याचा हीर कर्णासारखा ओवा. हीर बाजूच्या सुमारे १.४ पट हवा. आगकाडी पुरणार नाही.

सायखेड्याच्या मुलांनी द्राक्षमांडवाच्या कडेचा खांब पाहावा. खांब, जमीन आणि बाहेरून दिलेला तारेचा तिरपा ताण मिळून त्रिकोणच होतो. कांदाचाळीत असे तिरपे आधार कोठे आहेत, ते मोजून या.

पंचकोन ताठ करायला दोन कर्ण लागतात. षट्कोनाला किती?