पासोडीपासून पडद्यापर्यंत

वर्गात विषय मांडताना चित्र आणि ध्वनी यांची जोड द्यावी, असे आपले प्राध्यापक नेहमी सांगतात. प्रोजेक्टरमुळे ते सोपेही झाले आहे. तथापि साधन हाती आले म्हणजे मांडणी रंजक होतेच असे नाही. अख्खा परिच्छेद पडद्यावर दाखवून तोच वाचत बसले, तर ऐकणारा कंटाळतो. चित्र व ध्वनी कशासाठी वापरावेत, याचे दोन उत्तम आदर्श आपल्या बीड जिल्ह्यातच आहेत. त्यांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिला आदर्श अंबाजोगाईचा. संतकवी दासोपंत (१५५१-१६१५) यांनी 'पंचीकरण' हा वेदान्तातील अवघड विषय सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर लिहिला. हीच त्यांची प्रसिद्ध पासोडी. तीत ओव्यांबरोबर आकृत्याही आहेत. पंचीकरणाचा सिद्धान्त असा की, प्रत्येक स्थूल महाभूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक-अष्टमांश भाग असतो. हे वाक्य नुसते ऐकले तर कानावरून जाते. पण फळ्यावर वर्तुळ काढून अर्धा भाग 'पृथ्वी' म्हणून रंगवावा, उरलेल्या अर्ध्याचे चार सारखे भाग करून त्यांत आप, तेज, वायू, आकाश असे लिहावे. हिशेब लगेच ध्यानात येतो. शोभेच्या फुलापानांच्या चित्रांनी हे साधत नाही.

दुसरा आदर्श माजलगावचा. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी गायलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित करण्यात आल्या. छापील ओवी दोन ओळींत संपते. गाणारी बाई मात्र शब्द घोळवते, ओळ पुन्हा घेते. 'ओवी गेय आहे' असे दहादा सांगण्यापेक्षा असे ध्वनिमुद्रण अर्धा मिनिट ऐकवावे. आधी एक प्रश्न द्यावा: कोणता शब्द पुन्हा येतो? ऐकवताना आपण बोलू नये, आणि चर्चा ध्वनी बंद करूनच करावी.

माझ्यासारख्यांना हा प्रश्न केवळ रंजनाचा नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. वर्गात निसटलेले वाक्य घरी कोणाला विचारण्याची सोय नाही. व्याख्यान पुढे निघून जाते. आकृती फळ्यावर थांबते, वहीत उतरवता येते. आणि ओवी ऐकली की उमगते, आजीला तोंडपाठ आहे तेच अभ्यासक्रमातले लोकसाहित्य! परका वाटणारा विषय घरचा होतो.

म्हणून माझ्या विद्यार्थी बंधुभगिनींना सुचवावेसे वाटते: एका मुद्द्याला एकच चित्र घ्यावे, अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यावे, आणि वीज गेली तरी खडूने मांडता येईल अशी तयारी ठेवावी. पासोडी आजही अंबाजोगाईत जतन केलेली आहे. आपल्या मराठी विभागाने तेथे एक अभ्याससहल न्यावी, ही नम्र विनंती.