आमची मनी आणि माझा हट्ट

मांजराला काय लागते, दूध-पोळी दिली की झाले, असे मीही समजत होतो.

बाबांची हवाई दलात चंदीगडला बदली झाली आणि आमचे घर विमानतळाजवळच्या एयरोसिटीत गेले. मी मात्र इथे वसतिगृहात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर, विटांच्या ढिगात मला एक करडे पिल्लू सापडले. पशुवैद्यांनी दात पाहून सांगितले, "मादी आहे, तीन महिन्यांची असेल." नाव मनी. दुसरे काही सुचलेच नाही.

घरमालकीण आंटीजी रोज वाटीभर म्हशीचे दूध पाठवायच्या. मनी ते चाटूनपुसून प्यायची आणि चौथ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. आईचे दूध सुटले की दुधातली साखर पचवण्याची मांजराची ताकद कमी होत जाते, हे मला तेव्हा कळले. मांजराला प्यायला पाणीच हवे.

खरी अडचण पुढेच होती. आमचे घर शाकाहारी. आईचा विचार होता की मनीला दहीभातावर वाढवू. डॉक्टर म्हणाले, कुत्रा एक वेळ निभावून नेईल, मांजर नाही. मांजराला टॉरिन नावाचे द्रव्य लागते आणि ते त्याचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळते. कमी पडले तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होते. हृदयाशी असलेला हा संबंध अमेरिकेत डॉ. पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिला, आणि त्यानंतर कंपन्यांनी तयार खाद्यात टॉरिन वाढवले. नुसते उकडलेले चिकनही पुरत नाही, कारण त्यात कॅल्शियम फार कमी. शेवटी मांजरांसाठीचे तयार खाद्य आणायचे ठरले. आईने त्यासाठी वेगळा डबा आणि वेगळा चमचा ठेवला, पण ठेवला. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र चुकूनही द्यायचा नाही. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

(वसतिगृहात मी हे सांगू लागलो की मित्र हसतात. त्यांना मी सायमनची गोष्ट सांगतो. ब्रिटिश युद्धनौका 'अ‍ॅमेथिस्ट'वरचा हा बोका १९४९ मध्ये यांगत्से नदीत तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला, तरी जहाजावरचे उंदीर मारत राहिला. प्राण्यांसाठीचे डिकिन पदक मिळालेले ते एकमेव मांजर.)

आता माझी चूक. डिसेंबरअखेर मनी पाच महिन्यांची झाली. डॉक्टरांनी नसबंदी करून घ्या म्हणून सांगितले होते. आजी फोनवर म्हणाली, "एकदा तरी होऊ दे गं तिला पिल्लं." मी तर रविवारच्या फोनवर हट्टच धरला, की मे महिन्यात मी घरी येईन तेव्हा पिल्ले असू देत. एकदा पिल्ले झाली की भाटीची तब्येत सुधारते, असा समज आहे. तो खरा नाही. उलट सहा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा प्रश्नच राहत नाही.

फेब्रुवारीत दिवस मोठे होऊ लागले आणि मनी माजावर आली. रात्रभर ओरडे, जमिनीवर लोळे. बाबांना वाटले, पोटात दुखतेय. एका रात्री ती बाल्कनीतून निसटली. भाटीचे बीज बोक्याशी मिलन झाल्यावरच सुटते, म्हणून गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते. त्रेसष्ट-चौसष्ट दिवसांनी, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, कपाटात बाबांच्या जुन्या स्वेटरवर चार पिल्ले झाली. मनी स्वतःच अजून नऊ महिन्यांची होती. सर्वांत लहान पिल्लाला दूध ओढता येत नव्हते. आईने दोन रात्री दर दोन तासांनी उठून त्याला ड्रॉपरने पाजले. तिसऱ्या सकाळी ते गेले. बाबांनी त्याला त्याच प्लॉटच्या कडेला पुरले. मी तेव्हा इथे परेडला होतो.

मे महिन्यात मी पोहोचलो तेव्हा पिल्लांचे डोळे उघडलेले होते. मला सगळी गंमतच वाटली. मग घरे शोधायला निघालो. आमच्या गल्लीत निम्मे लोक भाडेकरू, बाकीचे बदलीवाले. सगळ्यांना पिल्ले गोड वाटत, पण न्यायला कोणी तयार नाही. महिनाभर हिंडून दोघांना एक घर मिळाले, तेही आठ आठवडे पूर्ण झाल्यावरच द्यायचे होते. त्याआधीच जूनच्या सुरुवातीला मनी पुन्हा ओरडू लागली! पिल्लांना पाजत असतानाही भाटी गाभण राहू शकते. यावेळी आम्ही दारे-खिडक्या बंद ठेवल्या आणि पिल्ले दुधावरून सुटताच तिची शस्त्रक्रिया केली. किती तास उपाशी ठेवायचे ते डॉक्टरांनीच सांगितले. टाके चाटू नयेत म्हणून तिच्या गळ्यात प्लॅस्टिकची गोल पट्टी होती. दारांच्या चौकटींना धडकत ती घरभर फिरे. आता तिला खाणे मोजून देतात, कारण नसबंदीनंतर भूक वाढते आणि गरज घटते.

तिसरे पिल्लू, एक बोका, आमच्याकडेच राहिले. तो सप्टेंबरमध्ये पाच महिन्यांचा होईल. आईने विचारले, "तू दिवाळीला येशील तेव्हा नेऊया का त्याला?" मी म्हटले, "नाही, सप्टेंबरमध्येच ने. माझ्यासाठी थांबू नकोस."