सोळा पेले आणि चिमूटभर हळद

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका हिवाळी शिबिरासाठी आमचे विद्यार्थी पुणे जिल्ह्यातील एका खेड्यात गेले होते. गावातील मुलांनी त्यांना विचारले, "एच.आय.व्ही. झालेला माणूस पाहून ओळखता येतो का?" विद्यार्थ्यांनी व्याख्यान दिले नाही, प्रयोग मांडला. शिक्षकांच्या देखरेखीखाली तुम्हीही तो करून पाहा.

कृती : सोळा पेले पाण्याने निम्म्याहून कमी भरा. एकात, कोणालाही न सांगता, दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवा. (हे पाणी पिऊ नये.) पेले सोळा जणांना वाटा. जोड्या करून दोघांचे पाणी एकत्र करा व निम्मे-निम्मे वाटून घ्या. दर वेळी नवा सोबती घेऊन अशा चार फेऱ्या करा. शेवटी प्रत्येक पेल्यात चिमूटभर हळद टाका.

निरीक्षण : सोडा असलेल्या पाण्यात हळद तांबडी होते. असे पेले पहिल्या फेरीनंतर २, मग ४, ८ आणि शेवटी जास्तीत जास्त १६ होतात. हळद टाकेपर्यंत मात्र सगळे पेले सारखेच दिसतात. प्रयोग पुन्हा करताना चौघांनी पेल्यांच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधला. त्यांचे पाणी पिवळेच राहिले.

अनुमान : पाण्याची अदलाबदल म्हणजे असुरक्षित शरीरसंबंध, कागद म्हणजे निरोध आणि हळद म्हणजे रक्ततपासणी. पण उपमेलाही मर्यादा असते. सोडा दर फेरीत पातळ होतो. विषाणू मात्र नव्या शरीरात शिरला की वाढतो. शिवाय प्रत्येक संबंधातून लागण होतेच असे नाही. दूषित रक्त व सुया यांतून, तसेच आईकडून बाळालाही हा विषाणू जाऊ शकतो.

यावर औषध आहे. भारतात सरकारी केंद्रांतून ते २००४ पासून मोफत मिळू लागले. ते नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत सापडेनासा झाला व तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. २०११ साली ज्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने उपचारांतून लागण रोखता येते हे दाखवले, त्यात पुण्याचाही सहभाग होता.

प्रयोग संपला तेव्हा मागे बसलेली एक मुलगी उठली. "मग आमच्या वर्गातल्या एका मुलाचा पाण्याचा पेला वेगळा का ठेवतात?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आमच्या एका विद्यार्थिनीने सांगितले, "एका पेल्यातून पाणी प्याल्याने, एका ताटात जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा डास चावल्याने एच.आय.व्ही. होत नाही. पेला वेगळा ठेवायचे काहीच कारण नाही." असा भेदभाव करण्यास २०१७ च्या कायद्यानेही मनाई केली आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेत असा वेगळा पेला आहे का?