हंसपादीची (हंसराज) अभिवृद्धी व संगोपन

चरकाचार्यांनी कण्ठ्य महाकषायात व सुश्रुताचार्यांनी विदारिगंधादि गणात हंसपादीची गणना केली आहे. विसर्प, दाह, रक्तदुष्टी यांत तिची योजना आपणांस परिचित आहे. तथापि बाजारातून आणविलेली एक जुडी आम्ही उकलून पाहिली असता तीत तीन निरनिराळे नेचे आढळले. म्हणून चिकित्सालयाच्या परसात ही वनस्पती वाढविण्याचा यत्न आम्ही केला. त्याचा अनुभव येथे मांडीत आहोत.

ओळख : सह्याद्रीत पावसाळ्यात दरडींवर व ओलसर सावलीत उगवणाऱ्या अडियांटम लुन्युलेटमचा दांडा काळसर, चकचकीत व गुळगुळीत असतो. पर्णिका अर्धचंद्राकार, सदेठ व दांड्याच्या दोन्ही बाजूंस एकेरी रांगेत असतात. दांडा लवयुक्त असल्यास तो अडियांटम कॉडेटम वा त्याचा निकटवर्ती समजावा. पाने दोन-तीनदा विभागलेली व पर्णिका पाचरीसारख्या असल्यास तो अडियांटम कॅपिलस-व्हेनेरिस, म्हणजे युनानी वैद्यकातील परसियावशान होय.

अभिवृद्धी :
१) शेंडा रुजविणे – पानाचा लांबलेला शेंडा जमिनीस टेकला की तेथे मुळे फुटून नवे रोप होते. असा शेंडा शेजारच्या कुंडीतील मातीवर खड्याने दाबून ठेवावा. रोप स्वतंत्र झाल्यावरच दांडा कापावा. हीच सर्वांत सुलभ रीत.
२) विभाजन – पावसाळ्यारंभी नवे अंकुर दिसताच मूलक्षोडाचे मुळांसह तुकडे करावेत.
३) बीजुके – पर्णिकांच्या दुमडलेल्या कडेखालील बीजुकाशय तपकिरी होताच पान कागदात गुंडाळून ठेवावे. उकळते पाणी ओतून थंड केलेल्या मातीवर बीजुके विरळ पसरून वर काच झाकावी. प्रथम हृदयाकृती हिरवे गंतुकधारी येतात. फलनासाठी त्यांवर पाण्याचा पातळ थर आवश्यक असतो, म्हणून माती सुकू देऊ नये. या रीतीस अनेक महिने लागतात.

संगोपन : पानकुजीचे खत, माती व विटांचा चुरा यांचे निचऱ्याचे मिश्रण आणि गाळीव सावली हवी. पहिल्या वर्षी उन्हाळ्यात पाने वाळताच रोपे मेली असे समजून आम्ही कुंड्या रित्या केल्या. ती आमची चूक होती. कोरड्या ऋतूत पाने झडतात, परंतु मूलक्षोड सुप्तावस्थेत जिवंत असते. कुंडी सावलीत ठेवून माती जेमतेम दमट राखावी. पावसाबरोबर अंकुर फुटतात.

संग्रह : पाने पक्व झाल्यावर कापून छायाशुष्क करावीत. योगास पंचांग अपेक्षित असल्यास विभाजनातून वाढविलेलीच रोपे काढावीत. रानातील दरड समूळ ओरबाडल्यास पुढील वर्षी तेथे हंसपादी मिळणार नाही. प्रत्येक औषधालयाने दहा कुंड्या जरी राखल्या, तरी शुद्ध हंसपादीचा नमुना तुलनेसाठी सदैव हाताशी राहील.