शास्त्रीय गद्यातील क्रियापदाची निवड

प्रास्ताविक

शास्त्रीय गद्य म्हटले की आपले लक्ष पारिभाषिक संज्ञांकडे जाते. परंतु प्रक्रियेचे स्वरूप वाचकापर्यंत पोहोचवते ते क्रियापद. पुढील उतारा या दृष्टीने वाचा.

उतारा

कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की सौम्य आम्ल तयार होते. हे आम्ल बेसाल्ट खडकातील मॅग्नेशियम, कॅल्शियम व लोह सुटे करते. त्यांचा विरघळलेल्या कार्बनशी संयोग होऊन कार्बोनेट खनिजे बनतात : मॅग्नेशियमपासून मॅग्नेसाइट, कॅल्शियमपासून कॅल्साइट. आइसलँडमधील कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून जमिनीखालील बेसाल्टमध्ये सोडण्यात आला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला.

विवेचन

‘खनिजरूप झाला’ याऐवजी ‘साठवला गेला’ असे लिहिले तर काय बिघडते? साठवलेल्या वस्तूचे स्वरूप बदलत नाही. कणगीतले धान्य धान्यच राहते आणि कणगी फुटली की सांडते. वायू ‘साठवला’ म्हटल्यावर तो निसटण्याची शंका येणारच. ‘मुरवला’ हे क्रियापद आपल्या ओळखीचे असले तरी संदिग्ध आहे. जमिनीत मुरलेले पाणी पाणीच असते. मुरलेल्या लोणच्याचा मात्र गुण पालटतो. ‘खनिजरूप झाला’ या प्रयोगात पदार्थच बदलल्याचे निःसंदिग्धपणे कळते.

दुसरा मुद्दा निश्चितीचा. दख्खनच्या पठारावर सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रात बेसाल्ट पसरलेला आहे. म्हणून ‘आपला कातळ हा वायू पचवील’ असे लिहिण्याचा मोह होतो. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे २५ टन पाणी लागते. आणि आपल्या विहिरींचे पाणी याच कातळाच्या भेगांत असते. म्हणून आइसलँडविषयी ‘झाला’, तर दख्खनविषयी ‘होऊ शकेल, परंतु पाण्याची उपलब्धता तपासावी लागेल’ हीच रचना योग्य ठरते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. उद्या असा एखादा प्रकल्प आपल्या गावाजवळ आला, तर ग्रामसभेत त्याविषयीचे मराठी टिपण वाचले जाईल. ‘साठवणे’ या शब्दाने तेथे अकारण भीती पसरेल, ‘पचवील’ या शब्दाने अकारण भरवसा वाटेल. दोन्ही वेळी निर्णय शब्दाने घेतलेला असेल, वस्तुस्थितीने नव्हे.

सारांश

शास्त्रीय लेखनात क्रियापद निवडताना दोन प्रश्न विचारावेत : पदार्थाचे स्थान बदलले की स्वरूप? आणि ही गोष्ट घडली आहे की घडू शकते?

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘साठवणे’, ‘मुरवणे’ व ‘खनिजरूप होणे’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.
२. ग्रामसभेसाठी या प्रक्रियेचे पाच वाक्यांचे टिपण लिहा. प्रत्येक क्रियापद अधोरेखित करून त्याच्या निवडीचे कारण द्या.