भागाकार मांडण्याआधी

चि. सई हिस,


तुझी वही पाहिली. ४२९४९६७२९७ ला ३, ७, ११ असं ओळीने भागत तू बरीच पानं भरली आहेस आणि एकही भागाकार चुकलेला नाही. ही चिकाटी जप. पण पुढचं पान उघडण्याआधी पेन जरा खाली ठेव आणि संख्येकडे नीट बघ.

ती म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात काम करणाऱ्या फर्माला ३, ५, १७, २५७, ६५५३७ ही माळ दिसली होती: २ चा घात अधिक १, घातांक दर वेळी दुप्पट. पाचही मूळ संख्या. पुढच्याही सगळ्या मूळच असणार, असं त्याला वाटलं. सिद्धता हाती नाही, हेही त्याने १६४० च्या पत्रात लिहिलं. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलरने दाखवलं, की लगेच पुढची, म्हणजे तुझ्या वहीतली हीच संख्या, ६४१ × ६७००४१७ आहे.

आता तुझ्या कामाचं. समजा, 'प' या मूळ संख्येने हिला पूर्ण भाग जातो. मग प ने भागल्यावर २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १, आणि ६४ व्या घाताची बाकी १. त्याआधीच्या कुठल्याही घाताची बाकी १ येत नाही. का, ते स्वतः पटवून घे. फर्माचंच प्रमेय सांगतं, की प−१ व्या घाताचीही बाकी १ असते. म्हणजे प−१ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे! अशा मूळ संख्या ओळीने कोणत्या? १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या प्रयत्नाला उत्तर. तुझ्या क्रमाने गेलीस तर ६४१ येते ११४ वी. कोणता विभाजक चालूच शकत नाही, हे आधी विचारायची सवय लाव, सई. संगणक क्षणात भागतो, हे खरं. पण हे कारण तो तुला सांगत नाही.

पडताळाही न भागता होतो. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६. पहिल्यावरून ५ × २ चा ७ वा घात याची बाकी उणे १. चौथा घात घेतला की १. त्यातल्या ६२५ च्या जागी उणे १६ ठेव आणि काय उरतं ते बघ. मला हे दरवेळी नव्याने आवडतं.

पुढे गणितज्ञ ल्युकाने दाखवलं, की प−१ ला १२८ नेही भाग जातो. मग वरच्या यादीत २५७ आणि ६४१ एवढ्याच उरतात. २५७ तर माळेतलीच आहे. तिने भाग जाणार नाही, हे भागाकार न मांडता कसं सांगशील? दिवाळीला येशील तेव्हा लिहून आण.

तुझी,
आत्या